बाबांनी लपवलेली गळती

बाबांच्या मोटारसायकलचा जुना कार्बोरेटर झिजला होता. गाडी सारखी बंद पडायची. मी नोकरीच्या गावाहून नवा आणला आणि मागच्या सुट्टीत स्वतः बसवून दिला. मूळ कंपनीचा नव्हता, पण चकचकीत होता. याच गाडीवर बाबा मला कॉलेजसाठी रोज तिरोड्याच्या स्टँडवर सोडत. घरातला पहिला पदवीधर मी. एवढं तरी करावं, असं वाटलं होतं.

या खेपेला आलो तेव्हा रविवारची दुपार होती. बाबा बाहेरून आले आणि गाडीवरून उतरण्याआधीच त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला.

"रोज बंद करता?"

"सवय हाये."

आई आतून बोलली, "कायची सवय? लावला तवापासून गळून रायला तुहा कार्बोरेटर. पोराले सांगू नको म्हणे, त्याले वाईट वाटन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या शेताला चोरखमारा तलावाच्या पाण्याची पाळी होती. वेळेवर कालव्यावर माणूस नसला की पाणी पुढच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत जातं, आणि आमचं उन्हाळी धान निसवायला आलेलं. बाबांचा गुडघा चार किलोमीटर चालण्यातला नाही. गाडी तर गळतीमुळे दहा किका मारल्याशिवाय सुरू होत नव्हती.

मी नवा आणि जुना, दोन्ही कार्बोरेटर घेऊन चौकातल्या मिस्त्रींकडे गेलो.

"हा फेकूनच द्या," मी म्हणालो.

"फेकता काऊन? पहले देखो तो." त्यांनी नव्याच्या आतला सरकणारा पिस्टन वर उचलून सोडला. तो न अडकता खाली आला, डगमगलाही नाही. "बॉडी चांगली हाये." मग खालची वाटी काढून त्यांनी तो उलटा धरला आणि पेट्रोलच्या नळीतून फुंकर मारली. "हवा जाऊन रायली. म्हणजे पेट्रोलबी जाते."

पेट्रोल अडवणारी छोटी सुई त्यांनी माझ्या नखावर फिरवली. रबरी टोकाला बारीक कंगोरा लागला. पेट्रोल सोडणाऱ्या पितळी जेटवर नंबरच नव्हता, भोकाची कड खरबरीत होती. जुन्याची बॉडी झिजली होती, पण सुई आणि जेट शाबूत होते; ते काढून त्यांनी धुतले, नव्यात बसवले.

"आता तुम्ही फुका."

माझे गाल फुगले, कान गरम झाले, पण श्वास पुढे गेला नाही.

मिस्त्री हसले. "जुन्या सुईले इतकी वर्सं झाली, पण तोंड पक्कं बंद ठेवते. तुमच्या बाबासारखी."

मला हसू आलं, आणि लाजही वाटली. आणताना मी फक्त चकाकी पाहिली होती.

सोमवारी पहाटे गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि बाबा कालव्याकडे निघाले. मी परतीच्या बसमध्ये असताना बाबांचा फोन आला.

"धानाले पाणी लागलं."

"आणि कॉक?"

बाबांचा आवाज फोनपासून लांब गेला. बहुधा वाकून पाहत असावेत.

"उघडाच हाये. गाडीखाली सुकं हाये. बांधी भरून रायली."