राहत असल्याचा पुरावा

शेजारचा बंगला वर्षभर बंद असतो. आवारातल्या खोलीत राखणदार पार्वतीबाई राहतात. आज नगरपरिषदेच्या मतदानासाठी मालक मुंबईहून आले. गाडीतून उतरताच त्यांनी विचारले, "पार्वतीबाई, यंदा कोणाला द्यायचं, सांगा बरं! इथलं आम्हाला काय कळतंय?"

"जो पानी आणंल त्याला द्या, सायेब."

मतदार त्या ठिकाणचा सामान्यतः रहिवासी असावा, असे कायदा म्हणतो. मतदारयादीतून मालकांचे नाव वगळा आणि बाईंचे घाला, अशी चार पत्रे मी निवडणूक कार्यालयाला कलमांसह लिहिली. संतापून लिहिली. उत्तर एका ओळीचे आले: बाईंकडे राहत असल्याचा पुरावा नाही. त्यांच्या दारापासून माझ्या विहिरीपर्यंत अकरा वर्षांत पडलेली पायवाट पुरावा म्हणून कोण दाखल करून घेणार?

दुपारी मालक कुलूप लावून परत गेले. पार्वतीबाई नेहमीप्रमाणे कळशी घेऊन विहिरीवर आल्या.

"भाऊ, सायबांनी मत दिलं. आता येईल ना नळाला पानी?"

शाई लागलेले बोट मी दोराभोवती मिटून घेतले आणि त्यांच्यासाठी पोहरा ओढत राहिलो.