पाठीवरचं दप्तर

…नाही गं, रडत नव्हती ती पोरगी, हे आधी लिही. रडणारी पोरं वेगळी, ती चार दिवसांत गप्प होतात. ही नुसती बसायची. दप्तर पाठीवर, पाण्याची बाटली गळ्यात, बाकाच्या अगदी कडेला टेकलेली आणि डोळे दाराकडे. तुझ्या धाकट्या मावशीनं तिचं नावच ठेवलं, पाहुणी.

मावशी शाळेत आधी चौथीला शिकवायची. चौथीतली पोरं कशी, वह्या काढा म्हटलं की वह्या निघतात. त्या वर्षी तिला पहिली दिली आणि पहिल्याच दिवशी तोंडाला फेस आला. एक पोरगा बाकाखाली, दोघी फळ्यामागे, एकाचा डबा नऊ वाजताच फस्त! पण मावशी कसली ऐकतेय. तिनं वर्गात यायचंच घोटवून घेतलं. दारातून आत, दप्तर खुंटीला, बाटली खिडकीत, आपापल्या जागी. चुकलं की सगळी वरात परत बाहेर. एका सकाळी अकरा वेळा! शेवटी पाहुणीचं दप्तर तेवढं पाठीवर राहू दिलं. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून म्हणाल्या, "अहो, शिकवणार कधी?"

"हेच शिकवतेय की," मावशी म्हणाली.

दर सोमवारी प्रत्येकानं ठरवायचं, शुक्रवारपर्यंत मी काय करून दाखवणार. लिहिता कुणाला येतंय? मावशी चित्र काढून द्यायची, ते बाकावर चिकटवायचं. एक टिंगू उठला, "मी विमान चालवणार."

"शुक्रवारपर्यंत?"

त्यानं डोकं खाजवलं. "मग बुटाची नाडी बांधीन."

"हां, आता कसं बोललास!"

पाहुणीची पाळी आली, तिचे डोळे दाराकडेच. मग मावशीनंच तिला खुंटीला टांगलेल्या दप्तराचं चित्र काढून दिलं. शुक्रवार आला, दप्तर पाठीवरच. पुढचा शुक्रवार, तेच. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका गं, फेरीला आल्या आणि बघतच राहिल्या. "ही लहान आहे हो अजून. महिनाअखेरीपर्यंत नीट बसली नाही तर बालवर्गात परत पाठवू."

पोरगी हुशार, सगळी अक्षरं ओळखायची. त्या पिटुकल्यांत बसवली असती तर कोमेजून गेली असती.

"महिनाअखेरीला अजून अकरा दिवस आहेत," मावशी म्हणाली. हट्टी आहेच ती!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पाहुणीच्या बाकाशी खाली फरशीवर बसली. "जड नाही होत गं दप्तर?"

"होतं."

"मग काढत का नाहीस?"

"परत घालता येत नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी घंटा झाली, सगळे धावत सुटले, हिचा एक हात पट्ट्यात अडकलेला. अडकलेला हात सुटेपर्यंत शाळेची गाडी निघून गेली. वडील येईस्तोवर बिचारी फाटकापाशी शिपाईमामांजवळ बसून राहिली.

मावशीनं कपाळावर हात मारला. यायचं अकरा वेळा घोटवलं आणि जायचं एकदाही नाही! आणि चित्रसुद्धा स्वतःच्या मनानं काढलेलं.

"माझं चुकलं बाळा. आता तू सांग, तुला काय यायला पाहिजे?"

"दप्तर पटकन घालायला."

या वेळी मावशीनं खडू तिच्याच हातात दिला. पोरीनं काय काढलं देव जाणे, दप्तर कमी नि बटाटा जास्त, पण तेच चिकटवलं.

आता घालायचं शिकायचं म्हणजे आधी काढायला नको का? काढलं! डावा हात, उजवा हात, खांद्याला झटका. दिवसातून दहादा. आणि त्या दिवसापासून सगळ्या वर्गाचं घरी जायचंही घोटवणं सुरू झालं. घंटा झाली की एकेक रांग उठायची, आणि शेवटचं दप्तर पाठीवर चढेपर्यंत कुणी हलायचं नाही. विमानवाला दारात आडवा उभा राहायचा, कुणाची बिशाद आहे पुढे जायची!

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठ्या बाई दारात आल्या. बघतात तर पाहुणी उभी आणि दप्तर पाठीवर.

"म्हणजे तसंच की!" त्या म्हणाल्या.

मावशी बोलणार होती, पण तिनं स्वतःला आवरलं. ज्याचं त्याला करू दे.

"मोठ्या बाई, आकडे मोजा," पाहुणी म्हणाली.

"मी?"

"हो, मोठ्यानं."

मोठ्या बाईंनी मोजलं. चारला दप्तर खाली आलं आणि नऊला परत पाठीवर. मग तिनं ते उतरवलं, खुंटीला अडकवलं आणि बाकावर बसली, पाठ अगदी मागे टेकून. वर म्हणते कशी, "आता जा तुम्ही, आमचा तास चाललाय."

मोठ्या बाई तोंडाला रुमाल लावून हसत गेल्या. बालवर्गाचा विषय तिथंच संपला.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत कुणी नवी बाई पहिलीच्या वर्गावर जाणार असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या: पोरांना पहिल्या दिवशी घरी जायचं शिकव. वर्गात यायचं दुसऱ्या दिवशी शिकवलंस तरी चालेल.