बाईंच्या मैदानात मांडव नको

श्रीमती इंदुमती मोराळे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या शाळेच्या मागच्या मैदानात ओणव्या होऊन काहीतरी शोधत होत्या. मी आठवीत होते आणि धाराशिवच्या त्या शाळेत नुकतीच आले होते. मला वाटले, खेळाच्या बाईंच्या कानातले पडले असेल. मदत करावी म्हणून मीही वाकले आणि विचारले, "काय हरवलं बाई?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "काय न्हाय हरवलं. खडे वेचायलेय. तूबी वीस वेच आन् त्या लिंबाखाली टाकून ये."

मी वीस खडे वेचून कडुलिंबाखाली टाकून आले. परत आल्यावर त्यांनी माझ्या हातात हॉकीची स्टिक दिली. आमच्या महिला हॉकी संघात माझी भरती झाली ती अशी. मला खेळायचे आहे का, हे कुणी विचारलेच नाही, आणि ते बरेच झाले, कारण तेव्हा मी नाहीच म्हणाले असते.

बाईंच्या अमृतमहोत्सव गौरव समितीच्या सचिवांनी हा लेख मागताना दोन सूचना केल्या होत्या. लेख चार पानांत बसावा आणि गोड असावा. पहिली सूचना मी पाळते आहे. दुसरी पाळणे मला जमणार नाही. बाईंविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत मावायचा नाही, पण त्यांच्या वाट्याला आमच्या गावाने जे दिले ते आठवले की माझा संताप होतो. ज्यांना गोड वाचायचे आहे त्यांनी पुढचा लेख काढावा.

हॉकी न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगते. हॉकीचा चेंडू जमिनीलगत धावतो आणि तो दगडासारखा टणक असतो. वाटेत सुपारीएवढा खडा आला तरी तो उसळतो आणि नडगी, हनुवटी, डोळा, समोर येईल त्यावर बसतो. मोठ्या शहरांत यासाठी हिरवे गालिचे अंथरतात म्हणे. आमचे मैदान मुरुमाचे. बाई मूळच्या भूम तालुक्यातल्या, शेतकऱ्याच्या लेक. पेरणीआधी रानातले दगड वेचून बांधावर टाकायचे, हे काम त्यांनी परकरात असल्यापासून केलेले. तीच रीत त्यांनी मैदानात आणली. प्रत्येकीने आधी वीस खडे वेचायचे, मगच स्टिकला हात लावायचा. परीक्षा असो, ताप असो, सामना असो, त्यात सूट नाही. स्वतः बाई सर्वांच्या आधी येऊन आपले वीस वेचून मोकळ्या झालेल्या असत. दर पावसाळ्यानंतर जमीन नवे खडे वर काढी आणि आम्ही ते पुन्हा वेचत असू. लिंबाखालच्या त्या ढिगाचा हळूहळू बसण्याजोगा कट्टा झाला. आमच्या संघाला दुसरी कुठलीही इमारत नव्हती.

मी पळण्यात सुमार, म्हणून बाईंनी मला गोलकीपर केले. पण गोलकीपरचे पॅड आणायचे कुठून? माझे अब्बा गाद्या भरत. बाई एक दिवस चेंडू घेऊन थेट दुकानात आल्या. शेखसाहेब मुलीला खेळू देणार नाहीत, अशी गल्लीतल्या दोघातिघांची खात्री होती आणि ते गंमत बघायला बाहेर उभेच होते. त्यांची निराशा झाली. अब्बांनी चेंडू अंगठ्याने दाबून पाहिला, फळीवर आपटून पाहिला.

"बाई, पोरगी खेळंल की. पर ह्यो तर वरवंट्याचा भाऊ हाय. पाय सलामत ऱ्हायला पायजे तिचा."

"म्हणूनच तुमच्याकडं आले, शेखसाहेब," बाई म्हणाल्या.

अब्बांनी गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात कापूस ठासून भरला, मधे बांबूच्या कांबी घातल्या आणि दोन आठवड्यांत पॅड शिवून दिले. ते बांधून मी मैदानात उतरले की समोरच्या संघातल्या मुली हसत. सामना संपल्यावर मात्र हसत नसत. पुढे आम्ही विभागीय स्पर्धेला गेलो तेव्हा संघाबरोबर एका व्यवस्थापकाला जाण्याची परवानगी होती. तिथे कुणा वजनदार माणसाची वर्णी लावावी असे बाईंना अनेकांनी सुचवले. बाईंनी माझ्या अब्बांचे नाव लिहिले. गळ्यात अडकवायचा तो व्यवस्थापकाचा बिल्ला अब्बांनी शिलाई मशीनच्या वर खिळ्याला टांगला होता. अब्बा आज नाहीत. बिल्ला त्याच खिळ्याला आहे.

त्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामना जिंकलो. तो सामना दुपारी बाराच्या उन्हात ठेवला होता, कारण चारनंतरची सावली पुरुषांच्या संघांसाठी राखीव होती. बक्षीस समारंभात विजेत्या पुरुष संघाला हातभर उंचीचा चषक मिळाला. आम्हाला स्टीलच्या डब्यांचा संच मिळाला. निवेदक ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "भगिनींच्या उपयोगी पडेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या एसटीत मी रडत होते. बाईंनी डब्याचे झाकण उघडून आत पाहिले आणि म्हणाल्या, "रडू नकोस. रेषा आखायची फक्की ठिवायला डबे न्हवतेच आपल्याकडं." आजही आमच्या मैदानावरच्या रेषा त्याच डब्यांतल्या फक्कीने आखल्या जातात. पण बाईंनी ते मुकाट्याने गिळले असे कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आयोजकांना पत्र लिहिले: पुढील वर्षी पुरुष संघालाही डबेच द्यावेत, कारण जेवण तेही करतात. त्या पत्राचे उत्तर आले नाही.

इथवरचे सारे हसून सांगता येते. पुढचे येत नाही.

बाई निवृत्त झाल्या तरी सराव त्याच घेत; निवृत्तीच्या पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते मैदान एका विक्री प्रदर्शनासाठी दिले गेले. मैदानाचा कारभार पाहणाऱ्या समितीने बाईंना विचारले नाही. मांडवासाठी खांब रोवले, पंधरा दिवस प्रदर्शन चालले आणि मांडव उठला. मागे गुडघाभर खोल खड्डे राहिले. बाईंनी विनंती केली की खड्डे मुरुमाने भरून वर रोलर फिरवावा. मांडववाल्याने खड्डे भरले, हे खरे. त्याने लिंबाखालचा आमचा कट्टा उपसला आणि ते खडे खड्ड्यांत ओतले. उरलेले मैदानभर पसरून दिले.

बाईंनी जाब विचारला तेव्हा तो अगदी साधेपणाने म्हणाला, "मॅडम, दगडं तिथंच पडल्याली हुती. म्हणलं, कुणाच्या कामाची न्हायत."

अकरा वर्षांचे खडे होते ते. आमच्या बोटांनी एकेक करून वेचलेले. त्या माणसावर माझा राग नाही, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. माझा राग समितीच्या त्या सभासदांवर आहे, जे दर प्रजासत्ताक दिनी त्याच कट्ट्यावर बसून आमचे सामने बघत आणि आमचे कौतुक करत. त्यांना ते खडे कुणी वेचले हे माहीत होते.

त्याच आठवड्यात सरावात चेंडू एका खड्यावरून उसळला आणि संगीताच्या तोंडावर बसला. संगीता भूमची, वसतिगृहात राहून शिकणारी, आमची सर्वांत चपळ खेळाडू. तिचे समोरचे दोन दात पडले. बाई तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यांची सगळी ओंजळ रक्ताने भरली होती. समितीचे म्हणणे पडले, खेळ म्हटला की लागायचेच. घरच्यांनी संगीताला गावी नेले. तिच्या लग्नाची बोलणी सुरू होती, ती थांबली. तिच्यामागोमाग एकेक मुलगी कमी होत गेली आणि शेवटी संघात चौघी उरल्या.

मी त्या चौघींत नव्हते, हेही इथे लिहायला हवे. मला नुकतीच तेर गावच्या शाळेत नोकरी लागली होती आणि मी दोन महिने मैदानाकडे फिरकले नाही. बाईंनी मला निरोप पाठवला नाही की बोल लावला नाही. एका सकाळी एसटीतून उतरून घरी जाताना मी सहज मैदानाकडे वळले. बाई एकट्याच ओणव्या होत्या, शेजारी डबा होता. त्यांनी मला पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "आलीस? गोलपाशी लई हायत. तिथनं धर." मी पिशवी ठेवली आणि वाकले. मला लाज वाटत होती आणि ती अजून गेलेली नाही.

पुढे उन्हाळ्यात दर रविवारी बाई एसटीने भूमला जात. संगीताच्या आई पहिल्या दिवशी पाणीसुद्धा विचारायला तयार नव्हत्या. दारातच त्यांनी विचारले, "बाई, तुमी माझ्या लेकीचे दात आणून देताव का?"

"न्हाय, ते माझ्या हातात न्हाय," बाई म्हणाल्या. "पर मैदान साफ करून दावते. मग तुमीच या बघायला."

बाकीचे सहा दिवस बाई खडे वेचत. आम्ही चार-पाच जणी सुट्टी मिळेल तशा जात असू. पावसाळ्याच्या तोंडावर संगीताच्या आई खरोखरच आल्या. त्यांनी मैदानाच्या कडेला चपला काढल्या आणि या गोलपासून त्या गोलपर्यंत अनवाणी चालल्या, मग आडव्या चालल्या. दोनदा थांबून तळवा उचलून पाहिला. परत येऊन चपला पायात घालत म्हणाल्या, "खेळू द्या तिला."

संगीता परत आली. तिच्या मागून इतर मुलीही आल्या. आज संगीता भूमच्या शाळेत खेळ शिकवते, तिचा संसार आहे, नवे दात आहेत, आणि तिच्या संघातल्या मुलीही सरावाआधी वीस खडे वेचतात. आमचा कट्टा पुन्हा गुडघ्याइतका झाला आहे. संघ कधी जिंकतो, बऱ्याचदा हरतो, मुली लग्न होऊन जातात, नव्या येतात. बाई पंच्याहत्तराव्या वर्षीही सकाळी मैदानात असतात.

आता या गौरव सोहळ्याविषयी. गौरव समितीचे सचिव बाईंकडे निमंत्रणपत्रिकेचा मसुदा घेऊन गेले तेव्हा मी तिथे होते. सोहळा मैदानावर, कारण ती बाईंची कर्मभूमी. पाचशे खुर्च्यांचा मांडव, आणि व्यासपीठ बरोबर गोलसमोर. आठच दिवसांनी मुलींची स्पर्धा आहे, हे त्यांना माहीत होते. बाईंनी चष्मा लावून सारे वाचले आणि विचारले, "मांडवाचे खांब कशात रोवणार?"

"जमिनीतच की बाई. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

बाईंनी मसुद्याची घडी करून त्यांच्या हातात दिली. "मग शाल मला पोस्टानं पाठवा," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सचिव मला म्हणाले, बाई फार संकोची आहेत. मी त्यांना सांगितले की हा संकोच नव्हे, बाई चिडल्या आहेत, आणि आम्ही सगळ्याजणीही. ज्या बाईंनी आयुष्य घालवून जी जमीन साफ केली, त्यांच्या सत्कारासाठी तीच जमीन खणायची, ही कल्पना कुणालातरी सुचते, दहा जण बसून ती मंजूर करतात आणि एकालाही त्यात वावगे दिसत नाही, याला काय म्हणावे? त्यांनी विचारले, मान्यवरांना उन्हात कसे बसवायचे? मी म्हणाले, त्याचा आमच्याकडे दाखला आहे, आम्ही दुपारी बारा वाजता अंतिम सामना खेळलो आहोत.

तेव्हा जुन्या खेळाडूंनी मिळून समितीला कळवले की मांडव होणार नाही आणि हा लेख एक ओळही न गाळता छापला जाईल. तसे नसेल तर आम्ही कुणी येणार नाही. हा गौरवग्रंथ निमंत्रणासोबत आपल्या हातात आला असून त्यात हा लेख असेल, तर समितीने दोन्ही गोष्टी मान्य केल्या असे समजावे. त्याबद्दल मी सचिवांचे मनापासून आभार मानते. सोहळा सकाळी होईल, लिंबाखाली, रेषेच्या बाहेर, सतरंज्यांवर. बाईंसाठी आणि वयस्करांसाठी कट्ट्यालगत थोड्या खुर्च्या असतील.

अशा लेखाचा शेवट दीर्घायुष्याच्या शुभेच्छांनी करायचा असतो. मलाही तेच मागायचे आहे, पण मागताना जीभ अडखळते. कारण बाई आहेत तोवरच ते मैदान आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे, आणि पंच्याहत्तर वर्षांच्या एका बाईने राखण करण्यासाठी जगावे असे म्हणणे ही आपल्या सर्वांची नामुष्की आहे. म्हणून मी एवढेच मागते की बाई शंभरी ओलांडोत, त्यांची कंबर ताठ राहो, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, आणि यापुढे त्यांनी मैदानात यावे ते निव्वळ खेळ पाहायला यावे.

येणाऱ्यांना एक विनंती आहे. कुणी पुष्पगुच्छ आणू नये, दोन्ही हात मोकळे असावेत. सोहळ्याआधी बाई नेहमीप्रमाणे आपले वीस खडे वेचतील. त्या वाकलेल्या असताना कुणी खुर्चीवर बसलेले मला दिसू नये.