आईचा विस्तव

आमच्या घरात उदबत्ती लागत नाही. देवापुढे फूल आणि एक छोटा विजेचा दिवा, बस्स. हे खाली फिरायला गेले की मी फोडणी देते, तीही स्वयंपाकघराचं दार लावून. डासांची कॉइल नाही, कोरडा झाडू नाही, सर्दी झालेला पाहुणा उंबऱ्याच्या आत नाही. सातपूरच्या आमच्या गल्लीत मला खडूस म्हणतात, हे माझ्या कानावर आहे. म्हणू देत.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फुप्फुसाचा जुना आजार आहे. अर्धं आयुष्य कारखान्यात ग्राइंडिंगवर गेलं आणि जोडीला बिडी होतीच. बिडी सुटली, आजार राहिला. डॉक्टरांनी पहिल्याच वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गेलेलं परत येत नाही, पण दम लागायचा प्रत्येक अटॅक उरलेल्यातलं थोडं घेऊन जातो. तेव्हा अटॅक येऊ द्यायचा नाही. यायला लागलाच तर लवकर ओळखायचा आणि 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

तर मी ओळखते. हे स्वतःहून कधी सांगत नाहीत, विचारलं तर 'बरंय'. पण बिघडायला लागलं की आधी ह्यांची वाक्यं आखूड होतात. मग भाकरी अर्धी राहते. मग पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसणं सुरू होतं. कफाचा रंग बदलला की मला दिसू नये म्हणून बेसिनमध्ये उगाच नळ सोडून ठेवतात. नळाचा आवाज लांबला की मी दवाखान्याची पिशवी भरायला घेते. या सगळ्याचा मला कंटाळा आला आहे. नवऱ्याचा नाही, पण सतत कान टवकारून आणि नाक वर करून जगण्याचा.

सासूबाई गावीच राहायच्या, चांदवडच्या पुढे. त्यांचा हा एकुलता एक मुलगा. तो गावी गेला की दारातच थांबवून त्याची दृष्ट काढायच्या. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून चुलीत. मिरच्या जळून ठसका लागला नाही तर नजर जबर, असं सगळीकडेच मानतात. आता गंमत अशी, की जन्मभर चुलीपुढे बसून सासूबाईंचं नाक मेलेलं होतं. त्यांना कधीच काही वास यायचा नाही. इकडे हे ओसरीवर खोकून दुमडलेले, आणि आत त्या म्हणायच्या, "लय नजर हाय माझ्या पोराला," आणि आणखी मूठभर मिरच्या टाकायच्या.

एका दिवाळीत असंच गावाहून थेट दवाखान्यात आलो. त्यानंतर मी सासूबाईंना सांगितलं, की तुमच्या मुलापुढे विस्तव दिसला तर मी त्यांना इथे आणणार नाही. सासूला असं बोलायची आमच्यात रीत नाही. पुढच्या खेपेला त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चूल सोडून मागच्या ओढ्याकडे चालू लागल्या. गुडघे धरलेले, तरी रस्ता उतरून पाण्यात टाकून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पाण्यानं उतरत न्हाई व माय. पण तुझ्या शब्दाखातर." ते मला लागलं. पण मी मागे हटले नाही.

त्या गेल्या ऐन थंडीत. हे तेव्हा नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. निरोप आला तशी मी फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जाऊ नका असं मी कसं म्हणू, पण धुरापासून लांब ठेवा, नाकातोंडाला गार वारा लागू देऊ नका, आणि निघण्याआधी पंप घ्या. मी ह्यांच्या तोंडावर मफलर गुंडाळला आणि निघालो. वाटेत हे एक शब्द बोलले नाहीत. आई गेली म्हणून बोलत नाहीत की दम नाही म्हणून, हे मला पहिल्यांदाच ओळखता येईना.

गावी पोचलो तर अंगणात तयारी झालेली. तिरडीशेजारी दोरीच्या शिंकाळ्यात मडकं, मडक्यात पेटलेल्या गोवऱ्या. पांढरा दाट धूर सरळ वर चाललेला. हा विस्तव हातात धरून मुलानं तिरडीपुढे चालायचं, ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत. हे जन्मभर पाहिलेलं असूनही वाटेत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चुलत सासऱ्यांना मी ह्यांची तब्येत सांगितली. म्हातारा समजूतदार. म्हणाले, भाऊकीतलं कुणीतरी धरील, अडचणीला चालतं. पण हे ऐकेनात. बांधाच्या भांडणावरून भाऊकीनं सासूबाईंशी बोलणं टाकलं होतं, ते शेवटपर्यंत टाकलेलंच राहिलं. हे ओसरीच्या खांबाला धरून उभे होते.

"आईचा विस्तव मी त्यांच्या हातात देणार नाही," हे म्हणाले. एवढं वाक्य एका दमात होईना, मध्ये थांबून पुरं केलं.

मी म्हणाले, "मग माझ्या हातात द्या."

बायका कुजबुजल्या. चुलत सासरे म्हणाले, "घरातलीच हाय ती. घे व माय."

मी शिंकाळं उचललं. वारा पाठीवर होता, नाहीतर पुढे चालणाऱ्या माझ्या हातातला धूर थेट मागे ह्यांच्या तोंडावर गेला असता. तरी मी मडकं अंगालगत धरलं, पदर वर घेतला. डोळे झोंबत होते. मधूनमधून वळून बघत होते. हे तिरडीच्या मागे दोघांच्या आधारानं येत होते. विसावा खरा तर गेलेल्या माणसासाठी एकदा घेतात. त्या दिवशी तो ह्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा घेतला. भाऊकीतलेही थांबले.

स्मशानात चुलत सासऱ्यांनीच क्रम फिरवला. "फेरे आधी उरकून घे. अग्नी मागून दे. म्हातारीला चालंल." पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन हे हळूहळू फिरले. मग वारा बघून मी त्यांना जागा दाखवली. ह्यांनी मडक्यातल्या विस्तवावर पेटवलेली काडी लाकडांना लावली, आणि दोघांनी ह्यांना लगेच मागे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला निंबाखाली नेऊन बसवलं.

तिथे ह्यांना रडू फुटलं. लहान मुलासारखे रडायला लागले. रडताना दम लागत होता, दम लागला की रडणं अडत होतं. मी धावत गेले. ह्यांनी माझ्याकडे हात केला.

आणि मी मध्येच थांबले. माझं लुगडं, केस, हात, सगळ्याला गोवऱ्यांचा धूर बसला होता. माझा मलाच वास येत होता. मी लांबूनच म्हणाले, "हळू. ओठ मिटल्यासारखे करा. हळू सोडा श्वास." हात तसाच पुढे धरून ते तसं करायला लागले. आसपासच्या बायकांना वाटलं असेल, केवढी निर्दय बाई. मला विस्तवाचं मडकं भिरकावून द्यावंसं वाटलं. पण ते केव्हाच चितेत रिकामं झालं होतं.

घरी येऊन मी विहिरीच्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. केस साबणानं धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर ह्यांच्याजवळ जाऊन बसले.

तोवर त्यांचं रडून संपलं होतं.