उलट्या बिजागरीची दारं

आमच्या यांनी निवृत्तीनंतर एक जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं. तिला ते मोटरहोम म्हणत. सोसायटीचा वॉचमन तिला बस म्हणायचा, तर त्याला त्यांनी दोनदा सगळ्यांसमोर दुरुस्त केलं.

गाडीच्या दोन्ही अंगांना खाली सामानाचे कप्पे होते, एसटीच्या डिकीसारखे, बाहेरून उघडणारे. घडीचं टेबल, खुर्च्या, शेगडी त्यात राहायची. कप्प्यांची दारं साधी होती. पुढच्या कडेला बिजागऱ्या, मागच्या कडेला जाडजूड खिट्टी. ओबडधोबड, पण बंद म्हणजे बंद. यांना ती बघवत नव्हती. "मालट्रकसारखं दिसतं," म्हणायचे. मग मोबाईलवर परदेशातल्या गाड्या बघून त्यांनी कागदावर रंगीत पेन्सिलींनी नवी दारं काढली. बिजागऱ्या मागच्या कडेला, म्हणजे टेबल मांडलं की दार आड येणार नाही. खिट्टी काढून आत चुंबक. बाहेरून सगळं गुळगुळीत. ज्या माणसानं घरातला फ्यूज कधी बदलला नाही, सरकारी खात्यात उभा जन्म दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारण्यात घालवला, तो त्या चित्राखाली सही करून मोकळा झाला.

हैदराबाद रोडला ट्रकच्या बॉडी बांधणारे एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"साहेब, बिजागरी मागं नका घेऊ. गाडी पळती तशी हवा पुढून येती. बिजागरी पुढं असली की हवाच दार दाबून धरती. मागं घेतली की फटीतून आत घुसून दार उपटती. आणि चुंबकाचं तर नावच नको."

"तुम्ही वेल्डिंग करा. डिझाइन माझ्यावर सोडा."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. हवेचा दाब किती वर्षं फळ्यावर काढला असेन! मिस्त्री बरोबर बोलताहेत हे मला धडधडीत कळत होतं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. घरी गेल्यावर अबोला सुरू होईल, एवढ्याच भीतीनं. यांची जितकी चीड येते, तितकीच त्या रुमाल शोधणाऱ्या बाईची किळस येते मला.

"ठीक आहे," मिस्त्री म्हणाले, "पण काम माझ्याकडं केलं म्हणून कुणाला सांगू नका."

हिवाळ्यात आम्ही उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला निघालो. मोडनिंबला चहा घेतला. तिथंही यांनी हॉटेलवाल्याला दारं उघडून, मिटून दाखवली. तो बिचारा "छान, छान" म्हणत कपबशा उचलत होता. मग सर्व्हिस रोडनं आम्ही हायवेकडे निघालो. एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि माझ्या बाजूला फाडकन आवाज झाला. पाठोपाठ किंचाळी.

डावीकडून एक बाई मेंढरं घेऊन चालली होती. चुंबकावरून सुटलेल्या दाराची कड तिच्या मनगटावर बसली होती. ती हात पोटाशी धरून खाली बसली. हे उतरले, धावत गेले आणि दारापाशी थांबले. वाकून रंगाचा टवका बघितला. "अलाइनमेंट गेलं वाटतं," म्हणाले.

"डोळं हायती का न्हाईत रं तुला?" ती बाई ओरडली. "हात मोडला माजा, आन् दार कसलं बगतोयस?"

"अहो बाई, हा वाऱ्याचा प्रकार आहे," हे तिला समजावायला लागले. समजावायला!

मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं. मी तिला उठवलं, म्हटलं, "चला, डॉक्टरकडे जाऊ."

"आन् मेंढरं कोन बगनार?"

"हे बघतील," मी म्हटलं आणि यांच्यापुढे हात केला. "किल्ली द्या."

"तुला ही गाडी झेपणार नाही."

"किल्ली द्या."

शाळेत जायला मी कार चालवायचे. दार सुतळीनं बांधलं, तिला शेजारी बसवलं आणि सावकाश मोडनिंबला परत आले. हाडाला चीर गेली होती. प्लास्टर होईपर्यंत ती एकदाही रडली नाही, फक्त कुठल्या मेंढीचे दिवस भरलेत ते मला सांगत राहिली.

दोन तासांनी परतलो तर मेंढरं शेजारच्या जोंधळ्यात घुसलेली. शेतकऱ्यानं यांना बांधावर बसवून ठेवलं होतं आणि हे त्याला दारांची रचना समजावून सांगत होते.

"बाई, ह्यो मानूस तुमचा हाय का?" शेतकऱ्यानं विचारलं.

न्हाय म्हणावंसं वाटलं, खरंच. तेवढ्यात त्या बाईनं जिभेनं टकटक असा आवाज काढला आणि सगळी मेंढरं एका रांगेत बाहेर आली. आम्ही जोंधळ्याची भरपाई दिली, तिला कळपासकट तिच्या पालापर्यंत पोचवलं. पक्षी बघायचे राहिलेच.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. काय झालं ते सांगितलं. ते चुकचुकले, पण "मी म्हटलं होतं" असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. बिजागऱ्या पुढं आल्या, खिट्ट्या परत बसल्या.

आता घरी पाहुणे आले की हे त्यांना खाली नेतात. "प्रत्यक्ष चाचण्या घेतल्यावर मी बिजागऱ्या पुढे घेतल्या," सांगतात. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचणी एका बाईच्या मनगटावर झाली." पाहुणे घड्याळ बघायला लागले. हे हसून म्हणाले, "हिला तांत्रिक बाजू कळत नाही."

प्लास्टर काढायच्या दिवशी मी त्या बाईला घेऊन डॉक्टरकडे गेले होते. हाड जुळलंय, पण मूठ अजून नीट वळत नाही. काठी ती डाव्या हातात धरते. घरी येऊन मी यांना तसं सांगितलं. ते खिट्ट्यांना कुठला रंग द्यावा याचा विचार करत होते.