लांडग्याच्या झाकणावरचा वरवंटा

सोलापूरच्या दुकानात रंगीत मासे नुसते नाचत होते. हा एकटाच तळाशी लाकडासारखा पडून होता. गडबड करणाऱ्यांचा मला पहिल्यापासून कंटाळा, म्हणून मी नेमका हाच निवडला. नाव वुल्फ फिश, म्हणजे लांडगा मासा. दुकानदारानं बजावलं, "एकटाच ठेवा, सोबत दिली तर खाऊन टाकतो. टाकी उंच नको, लांब-रुंद घ्या. आणि झाकणावर वजन पाहिजेच, उडी लई वाईट आहे."

धाराशिवला घरी आणल्यावर आई टाकीपाशी बसून बराच वेळ बघत राहिली. तिचं माहेर परंड्याकडचं, मेंढरं राखणारं. "आमी जल्मभर लांडगा हाकलला," ती म्हणाली, "अन् तू इकत आणलास व्हय रे?"

मी हसलो. वर्षभरात तो हातभर झाला आणि हसू संपलं. कोळंबी टाकताना त्याचे दात दिसत, म्हणून मी ती चिमट्यानं टाकायला लागलो. झाकणाला क्लिपा लावल्या, त्या त्यानं धडका देऊन उडवल्या. शेवटी मिक्सर आल्यापासून पडून असलेला पाटा झाकणाच्या मागच्या काचेवर ठेवला, आणि खाणं टाकायला उघडते त्या पुढच्या काचेवर वरवंटा. तेव्हा कुठं मला झोप लागायला लागली.

मग लेक पहिल्या बाळंतपणाला आली. पाळण्याचा हूक बैठकीत, टाकीच्या अगदी शेजारी. दुसरीकडं हूकही नव्हता आणि टाकी हलवायची तर चार माणसं हवीत. मासा उडून पाळण्यात पडला तर? हा एकच विचार डोक्यात. येता-जाता वरवंटा चाचपून बघायचा, हेच माझं काम झालं. बायको म्हणायची, "देवाला एवढे हात लावले असते तर पुण्य तरी लागलं असतं."

बारशाच्या दिवशी बैठकीत बायका, आम्ही पुरुष बाहेर मांडवात. पाळणागीत सुरू झालं तसा मी दारातून डोकावलो, तर टाकीवर वरवंटा नव्हता. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायची आमच्यात रीत. बायकांनी त्याला टोपडं घातलं होतं, काजळाची तीट लावली होती, आणि पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देत होत्या. घरात वरवंटा एकच. मला हे आठवायला नको होतं?

झाकणाची पुढची काच थरथरत होती. टाळ्यांच्या आवाजानं मासा बिथरला होता. बायकांच्या गर्दीतून मी तसाच घुसलो आणि दोन्ही तळवे काचेवर दाबले. खालून धडक बसली, ती खांद्यापर्यंत जाणवली. नात पाळण्यात ठेवली गेली. तिच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, सगळ्या हसल्या. मला काही ऐकू आलं नाही, माझं लक्ष पाण्याकडं.

मग लेक बाळाला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, घ्या ना. सगळ्यांनी घेतलं, तुम्हीच राहिलात."

"थांब जरा. आत्ता नाही."

तिचा चेहरा उतरला. मला रडूच यायचं बाकी होतं. मी बायकोला म्हटलं, "तो वरवंटा दे इकडं." आई आडवी आली. "न्हाय. लेकराच्या उशाला राहू दे त्याला. तू लांडग्याला धरून बस. लेकराला धरायला आमी हाव."

शेवटी व्याह्यांनी मांडवातली गव्हाची गोणी आणून काचेवर टेकवली. मी हात काढले. तळव्यांवर काचेच्या कडेचे लाल वळ उठले होते. तशाच हातांनी दुकानदाराला फोन लावला आणि मासा परत न्यायला सांगितलं.

"का साहेब? आजारी पडला काय?"

"नाही, चांगला ठणठणीत आहे," मी म्हणालो. "मला हात मोकळे पाहिजेत."