कारणाचा रकाना

छताच्या पीओपीचा ओला वास आला की मला लातूरच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. जिल्हा नवा होता, शिक्का अजून जुन्याच जिल्ह्याचा होता, आणि दुष्काळ असा की मुलाच्या पायाला प्लास्टर घालायचं तर पट्ट्या भिजवायचं पाणीही घरूनच आणायला सांगावं लागे. शिरूर अनंतपाळकडची एक बाई पदरात तान्ही लेक आणि हातात कळशी घेऊन एसटीनं आली. लेकीची दोन्ही पावलं आत वळलेली. डॉक्टरांनी ती हलक्या हातानं सरळ धरली, मी पट्ट्या गुंडाळल्या आणि रजिस्टर उघडलं. सोबतची सासू म्हणाली, "लिवा सिस्टर, पोटुशी आसताना हिनं ग्रहनात भाजी चिरली." बाईनं मान खाली घातली. मी कारणाच्या रकान्यात 'जन्मजात' लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "जन्मजात. म्हंजे कुणाचीच चूक न्हाई." निघताना बाई एकटीच मागं वळली. "ताई, त्येवढं चिठ्ठीवर लिवून द्या. शिक्का मारून." जुन्या जिल्ह्याचा शिक्का मारून मी चिठ्ठी दिली, तिनं ती घडी करून पोलक्यात ठेवली. आता त्या रकान्यात संगणकावर नुसता कोड टाकतात. कोड बिनचूक असतो, पण तो कुठल्या सासूला वाचून दाखवणार?